डावीकडचा ॲक्सल

दाब. दाब ना — अरे क्लच नको, मधला, ब्रेक. हां. आता पाय तसाच ठेव, मी सांगेपर्यंत उचलायचा नाही. गाडी हलल्यासारखी वाटेल, घाबरू नकोस, खाली लोखंडी घोड्या लावल्यात आणि मागच्या चाकांना विटा आहेत, नीट बघून लावल्यात. डावीकडचं दार उघडंच राहू दे, म्हणजे मी खाली बसले तरी तुला ऐकू येईल. थांब, जोर लावते — नाही. नाही सुटत. जरासुद्धा हलला नाही मेला. हा चाकाच्या मध्यभागी बसलेला मोठा नट आहे ना, तो सुटल्याशिवाय आतला ॲक्सल, चाक फिरवणारा दांडा, बाहेर निघतच नाही, सगळं ह्याच्यावर अडलंय. आणि चूक माझीच. चाक जमिनीवर असताना हा नट सैल करायचा असतो, मी आधी जॅक लावला, चाक काढलं, सगळं उघडून बसले आणि मग पाना लावला, तर नटाबरोबर सगळंच गोल फिरायला लागलं. हे वरून गॅलरीतून हात हलवून हलवून सांगत होते, मला वाटलं ऊन लागतंय म्हणून पडदा ओढ म्हणतायत. आता काय, कोणीतरी ब्रेक दाबून बसल्याशिवाय जमणार नाही.

काय? गॅरेजला का नाही देत — आलास ना त्याच्यावर, तुझी आई पण तेच म्हणाली जिन्यात. अरे बोलावला होता मेकॅनिक. नाक्यावरचा, चांगला माणूस आहे, रविवार असून घरी आला. त्याने बोनेट उघडलं मात्र, वरून स्टीलचा पेला खाली आला. मग ताटली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून डाव्या हाताने फेकतायत, ग्रिलमधून जाईल ते, आणि ओरडतायत. तो मेकॅनिक वर बघतो, मी वर बघते, सगळी सोसायटी खिडकीत. मग रडायला लागले. तुझे काका, नितेश, तू कधी बघितलंयस त्यांना रडताना? मी लग्न झाल्यापासून नव्हतं बघितलं. मेकॅनिकने स्वतःच बोनेट लावलं, म्हणाला, ताई, ह्यांच्या मनात नाही, राहू द्या. आणि गेला. ह्या गाडीला बाहेरच्या माणसाचा हात लागलेला चालायचा नाही ना कधी, तुला तर माहितीये, तुझाही हात लागायला किती महिने गेले. आधी फक्त बादली धरायला ठेवलं होतं तुला. मला तर बादली पण नाही.

हात पुसते जरा. ग्रीस कसलं चिकट असतं, साबणाने जात नाही — हे रॉकेल वापरायचे, आता रॉकेल मिळतं कुठे? वर बसलेत ते, तुला तिथून दिसणार नाहीत. खुर्ची ग्रिलला लावून दिलीय. बघतायत. ऐकू काही जात नसेल एवढ्या लांबून, त्या पलीकडच्या टॉवरचं काम चालूच आहे धडाधड. नाही जात ऐकू. मी बघून घेतलंय.

ते काय ओरडत होते विचारलंस ना? तेच. दुसरं काय येतंय त्यांना? नाहूर. स्टेशनचं नाव पुकारल्यासारखं, पेला फेकला — नाहूर, ताटली फेकली — नाहूर. तू हसलास तरी चालेल, सगळेच हसतात, खाली खेळणारी मुलं त्यांना नाहूर काका म्हणतात आणि हे पण हसतात, हात करतात त्यांना. पॅरालिसिस झाला तेव्हा पहिले काही दिवस तर आवाजच नव्हता. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, नुसते डोळे फिरायचे. आणि एका सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते तर स्पष्ट, अगदी आपण बोलतो तितकं स्पष्ट — नाहूर. मी नर्सला हाक मारली, म्हटलं बोलले, बोलले. इतका आनंद झाला मला. वॉर्डात पेढे वाटायचेच बाकी होते. मग पाणी हवं — नाहूर. पंखा बंद कर — नाहूर. मान हलवून हो-नाही सांगतात, समजतं सगळं, पेपर हातात दिला तर नीट वाचतात असं वाटतं, पण बाहेर काढायचा शब्द तेवढा एकच उरला. गावाहून सासूबाईंचा फोन आला, मी कानाला लावून दिला, तर ह्यांनी आईला पण तेच सांगितलं. त्या मला विचारतात, "काय म्हणता गो तो?" मी म्हटलं, तुमची तब्येत विचारतायत.

ती बोलायला शिकवणारी बाई येते ना गुरुवारी, चित्रांची कार्डं घेऊन — मांजर, नाहूर, चमचा, नाहूर. तिला मी बाहेर नेऊन विचारलं, हाच शब्द का? ती म्हणाली, असं होतं पुष्कळदा, एखादा शब्द मेंदूत अडकून राहतो, त्याला अर्थ असतोच असं नाही. कोणाला देवाचं नाव राहतं, कोणाला नुसती शिवी. मी म्हटलं, शिवी परवडली असती. ती हसली. मी पण हसले. तिला काय सांगणार होते मी?

थांब, जरा छिन्नी मारून बघते. ह्या नटाची कड आत ठोकून बसवलेली असते, सुटू नये म्हणून, ती आधी उचलावी लागते — हे कळायला मला दोन रविवार लागले. ते वरून बोट वाकवून दाखवायचे, मी समजायचे हुक. हुक कुठला हुक करत अख्खी पेटी उलटी केली. शेवटी त्यांना धरून धरून खाली आणलं, जिन्यात बसत बसत, आणि त्यांनी छिन्नी उचलून माझ्या हातात दिली. तशी दिली जसं — जाऊ दे. परत दाब. दाबलास? ऊं — नाही. पाइपच लावते पान्याला, लांब दांडा झाला की जोर येतो म्हणे.

आपलं कोणीच नाही नाहूरला. ना त्यांच्याकडचं, ना माझ्या माहेरचं. आम्ही मुलुंडचे, ह्यांची कंपनी विक्रोळीला, मधे स्टेशन येतं तेवढंच नाहूर. पण रविवारी जायचे. तुला माहितीये की — सकाळी गाडी धुवायची, पुसायची, इंजिनाला कान लावायचा, मग अकराच्या सुमाराला, "नाहूरला जाऊन येतो." कोणा मित्राचं वर्कशॉप आहे, तिथे लेथ आहे, काहीतरी पार्ट घासून आणायचा आहे. जेवायला परत. कधी जेवूनच यायचे. मी कधी विचारलं नाही. म्हणजे सुरुवातीला विचारलं, मी पण येते म्हटलं एकदा, तर म्हणाले, तिथे बायकांना बसायला जागा नाही, सगळं ऑइल सांडलेलं असतं. बरोबरच आहे, वर्कशॉप म्हटल्यावर ऑइल असणारच. पण कपडे — मी धुवायचे ना कपडे. ऑइलचा डाग नसायचा कधी. घरी गाडीखाली तासभर शिरले तर बनियनपर्यंत काळे व्हायचे, आणि वर्कशॉपमधून येताना जसेच्या तसे इस्त्रीचे. हे मला तेव्हा नाही सुचलं. खरंच नाही. हे मला सुचलं त्यांना अंघोळ घालताना.

घड्याळ काय बघतोस? बोर होतंय का? तुझी प्रांजल वाट बघत असेल, मला कळतंय, रविवार आहे. होईल पाच मिनिटांत. ब्रेक सैल सोडू नकोस फक्त.

एकदा मी फार बोलले त्यांना. चिडून नाही म्हणत — बरं, चिडूनच. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं, सकाळपासून कामं, त्यात त्यांनी चादर ओली केलेली, मी ती काढता काढता रडायला लागले. उगाच. तर त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि हळूच म्हणाले, नाहूर. असं म्हणाले, नितेश — असं त्यांनी माझं नाव पण घेतलं नाही कधी इतक्या वर्षांत. मऊ. मी हात झटकला. म्हटलं, मला नाहूर म्हणू नका. दुसरं काहीही म्हणा, गाढव म्हणा, मर म्हणा, पण मला ते म्हणायचं नाही. माझं नाव चेतना आहे. म्हणा, चेतना. आणि ते म्हणायला लागले. ओठ गोळा केले, च करायला जीभ लावली, घाम फुटला कपाळावर, मानेच्या शिरा ताणल्या. मी बघत उभी. मी थांबवलं पाहिजे होतं. आणि बाहेर आलं ते तेच. मग डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारायला लागले, एक, दोन, जोरात. मी हात धरला. आवरेना मला. आजारी माणसाच्या हातात एवढा जोर असतो?

त्यानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायचे, गोळ्या घ्यायचे, पण नाहूर पण बंद. घरात एक शब्द होता तोही गेला. मला वाटलं होतं बरं वाटेल. कुठलं बरं.

मग मीच काढली गाडी. मला गाडी कोणी शिकवली? नाक्यावरच्या क्लासवाल्याने. हे आजारी पडल्यावर, फिजिओकडे न्यायला रिक्षात बसवता येत नाही म्हणून. ह्यांनी तुला शिकवली, तुझ्या भावाला शिकवली, मला नाही. असो. तर त्या दिवशी मी गाडी काढली, ह्यांना शेजारी बसवलं, पट्टा लावला, आणि फिजिओकडे न वळता सरळ घेतली. म्हटलं, चला. दाखवा. आज जाऊच तुमच्या नाहूरला. आणि हसू नकोस, पण मी साडी बदलली होती. चांगली नेसले होते, भाच्याच्या लग्नातली. का नेसले? कोणी खाली आलं, दारात उभं राहिलं, तर मी काय गाऊनवर बसलेली दिसू? गजरा पण घेणार होते, मग म्हटलं तेवढं नको.

पुलावरून उतरलो आणि त्यांच्यात जीवच आला. सरळ बसले. डावा हात वर केला — उजवीकडे. मी वळवली. वळताना गाडीचा आवाज येतच होता, कट कट कट कट, बरेच दिवस येत होता, मी दुर्लक्ष केलेलं, माझं लक्ष बिल्डिंगांकडे. ही असेल का, ती असेल का, गॅलरीत कोण उभं आहे. पुढे गेलं की परत हात — उजवीकडे. परत कट कट कट. मग डावीकडे. मग परत उजवीकडे. त्या एका मेडिकलच्या दुकानासमोरून आम्ही परत परत जातोय, तिथला माणूस बघायला लागला आमच्याकडे. मला वाटलं, विसरले. घर विसरले ते. आणि तुला सांगते, मला दयाच आली. म्हणजे काय बाई आहे मी! नवऱ्याला तिचं घर सापडत नाही म्हणून मीच हळहळतेय. मी म्हटलं, आठवा, सावकाश आठवा, कुठला गेट होता, रंग कुठला होता. डोळ्यांतून पाणी वाहतंय माझ्या आणि मी त्यांना मदत करतेय.

मग तो नवीन टॉवर होतायत तिकडचा मोकळा रस्ता आहे, तिथे नेलं त्यांनी मला. हाताने गोल दाखवलं — पूर्ण वळव. मी स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं, गाडी गोल गोल फिरतेय, कट कट कट कट, आणि हे डोळे मिटून, डावा हात डॅशबोर्डवर ठेवून बसलेत. देवळात बसतात तसे. मग दुसऱ्या बाजूने गोल. आवाज गेला. परत पहिल्या बाजूने. आला. डोळे उघडले आणि हसले, नितेश. वाकड्या तोंडाने, पण हसले, आजारपणानंतर पहिल्यांदा. खाली डाव्या चाकाकडे बोट केलं. मला उतरायला लावलं. त्या साडीत मी रस्त्यावर गुडघे टेकून चाकाच्या मागे बघते, तर ते रबराचं टोपण फाटलेलं आणि सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं.

उजवीकडे वळलं की डावीकडचा ॲक्सल बोलतो. एवढंच शोधत होते ते. गल्ल्या नाही, घर नाही, कोण नाही. कुठल्या बाजूचा ॲक्सल गेलाय ते बघत होते! मी तिथेच फुटपाथवर बसले आणि हसत सुटले, साडीला ग्रीस, हाताला ग्रीस, तोच हात तोंडाला. तेही आत हसतायत. जाणारे-येणारे बघतायत. घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो, आणि जिन्यात नाहूर परत सुरू झालं.

मग म्हटलं, हे काम करून घ्यायचं. घरी. मेकॅनिक तेव्हाच बोलावला होता, तो पेला-ताटलीचा प्रकार झाला, तर म्हटलं मीच करते, तुम्ही सांगा. तेव्हापासून दर रविवारी ते सांगतात, मी करते. भिंतीकडे तोंड करणं बंद झालं. सकाळी उठून हत्यारांच्या पेटीकडे बोट करतात. नवीन ॲक्सल आणला तर मांडीवर घेऊन बसले, फडक्याने पुसत. तो जोड हाताने फिरवून बघत. मला दाखवतात, असा वाकतो, असा फिरतो. इतक्या वर्षांत त्यांनी मला काही शिकवलेलं हे पहिलं. आणि मी — मला आवडतंय रे. मला माहितीये डॉक्टरांनी सांगितलंय गाडी त्यांना परत चालवता येणार नाही, त्यांनाही माहिती असेल, पण आवडतंय. नट सुटत नाही म्हणून रडकुंडीला येते आणि मनात म्हणते, बरं आहे, अजून एक रविवार.

पण नाहूरच का, ते राहिलंच ना? ॲक्सल कुठेही बोलला असता. भांडुपला बोलला असता. तोंडात शब्द तोच का राहावा?

खरं सांगू का तुला? ब्रेक दाबायला वॉचमनही बसला असता. काल तोच म्हणाला, भाभी, मी बसतो. मी म्हटलं नको, नितेश येईल. तू जायचास ना त्यांच्याबरोबर — नोकरी लागायच्या आधी, तुला गाडी शिकवायचे तेव्हा? रविवारी तूच चालवायचास ना तिकडे? वर जायचास का त्यांच्याबरोबर, का खाली गाडीत बसायचास — नाही, मी रागावत नाहीये. मला फक्त एवढंच — तिथे वर्कशॉप होतं का रे?

अरे — पाय! पाय उचललास तू! फिरलं बघ सगळं, पाना निसटला. नाही, लागलं नाही. बोटाला जरासं. लागलं नाही म्हटलं ना, बस तू, उतरू नकोस.

बरं.

बरं, कळलं.

नको. बोलू नकोस. काकू म्हणून सुरुवात पण करू नकोस, तोंड मिट. तू बोललास की एक नाव येईल, मग चेहरा येईल, मग ती बिल्डिंग येईल, आणि ते दिवसातून पन्नास वेळा नाहूर म्हणतील तेव्हा मला पन्नास वेळा तेच नाव ऐकू येईल. मी पाणी द्यायचं, मी पंखा बंद करायचा. आत्ता ते नुसतं एक स्टेशन आहे. राहू दे ते स्टेशनच. तुझ्यावर माझा राग नाही, तू लहान होतास, आणि तुला ते आवडायचे, त्यांच्याविरुद्ध तू काय सांगणार होतास येऊन? चुकलं माझंच, मी तुला बसवायला नको होतं तिथे.

तिला कळलंय का, ह्यांचं असं झालं ते? — नको. नको सांगूस म्हटलं ना. हे पण नको.

ठेव पाय. ठेव ना रे परत. एकदाच, हे एवढं होऊ दे, मग मी तुला कधी बोलावणार नाही. घट्ट. पाइप लावते, पाय पण देते त्याच्यावर, पडले तर पडले. दाब — दाब — दाबून ठेव — दाब —

सुटला.

सुटला बघ. ऐकलास ना आवाज, बंदुकीसारखा. ऐकलास? ते ग्रिल वाजवतायत वरून, डाव्या हाताने. बघितलं त्यांनी. किती खूश झालेत बघ — अहो, सुटला! हो, सुटला, मीच सोडवला!

झालं तुझं काम. उतर. बाकीचं आम्ही दोघं करतो, आता काय, ओढून काढायचा आणि नवीन बसवायचा. पाना राहू दे तिथेच, मी उचलते. जा, प्रांजलला म्हणावं काकूंनी अडकवून ठेवलं. आणि हे बघ, जाताना वर बघ. हात कर त्यांना. असा खाली मान घालून नको जाऊस, ते बघतायत. वर बघ, नितेश. हात कर.